सालेहाबीचा पाच वेळा कोरा झालेला फॉर्म

नांदेडच्या भाग्यनगरात दर दुसऱ्या गच्चीवर क्लासचा बोर्ड आणि दर तिसऱ्या घरात मुलींचं होस्टेल. तिथंच एका जिन्याखाली आठ बाय दहाचं शटर आहे, अन् त्यात सालेहाबीची दोन मशीनं. एक तिचं स्वतःचं, दुसरं तिच्या रागाचं म्हणा ना! कारण राग आला की बाई उठून त्या दुसऱ्या मशीनवर बसते आणि रिकामीच खडाखडा पाय मारते. दोऱ्याविना. बिलोली, देगलूर, अर्धापूर, कुठून कुठून डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी तिच्याकडे कुर्ते आवळायला आणि सैल करायला येतात. परीक्षेआधी आवळायचे, परीक्षेनंतर सैल करायचे. असं का, ते त्या पोरींना ठाऊक.

ही सालेहाबी मूळची लातूरकडची. औसा तालुक्यातलं गाव. त्र्याण्णव साली दहावीत होती, मराठी शाळेत, वर्गात दुसरी. पहिला यायचा तो मास्तरांचा मुलगा, म्हणजे धरा पहिलीच. सहामाहीचा अभ्यास होत आलेला. मग ती पहाट आली, आणि शाळाही राहिली नाही, घरही राहिलं नाही, अन् घरात झोपलेला धाकटा भाऊ जावेदही राहिला नाही. पंधरा वर्षांच्या पोरीला खालानं, म्हणजे मावशीनं, नांदेडला आणलं, हातात सुई दिली आणि सांगितलं, रडायचं तर रड, पण टाका वाकडा पडू देऊ नको. टाका सरळ पडत गेला. लग्न झालं ताहेरशी, तो ऑटो चालवतो. एक मुलगी झाली, उमैमा.

आता सालेहाबीच्या पोटातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. उमैमाला पहिलीत घालताना शाळेनं फॉर्म दिला. त्यात आईचं शिक्षण विचारलेलं. मागं रांग होती, पुढं क्लार्क पेन आपटत होता, अन् सालेहाबीच्या हातून लिहिलं गेलं, ‘दहावी पास’. बस्स! एकदा लिहिलं ते लिहिलं. दुसरीत तेच, पाचवीत तेच, कॉलेजातही तेच. उमैमा तर मैत्रिणींना सांगायची, “आमची अम्मी भूकंपातून येऊन दहावी पास झाली.” हे ऐकलं की सालेहाबी उठून दुसऱ्या मशीनवर जायची.

बरं, ही गोष्ट अशीच पोटात राहिली असती. पण गेल्या साली, म्हणजे दोन हजार अठराच्या जूनमध्ये, आरती नावाची होस्टेलची पोरगी मापाला आली. हात वर करून उभी, अन् तोंडानं भूमितीची घोकंपट्टी. “काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग म्हणजे...” आणि अडकली. सालेहाबी टेप गळ्यात टाकत म्हणाली, “बाकीच्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज. तीन, चार, पाच. घेर कापायच्या आधी कोपरा काटकोनात हाय का न्हाई, ते मी ह्याच्यावरच बघते.” आरतीचे हात वरच राहिले. “मावशी, तुम्ही टीचर होता काय?”

झालं! त्या एका वाक्यानं बाई हवेत. दोन दिवस कुणाचा गळा मोठा, कुणाची बाही लहान. तिसऱ्या दिवशी पेपरमधून एक पत्रक पडलं. ‘पुन्हा शाळा. शिक्षण सुटलेल्या महिलांसाठी दहावीचा मोफत वर्ग. दुपारी एक ते तीन. जागा साठ. अर्ज फक्त ऑनलाइन, शनिवारी पाचपर्यंत.’ दुपारी क्लासचे हॉल रिकामे असतात, त्यातल्या एकात कुणी रिटायर मास्तर हा वर्ग घेणार होते. सालेहाबीनं पत्रक मापाच्या वहीत घातलं. दहावी पास व्हायचं, गुपचूप व्हायचं, आणि चौदा वर्षांचं खोटं मागल्या दारानं खरं करून टाकायचं. किती सोपं!

या कटात एकच साथीदार, अर्धापूरच्या कस्तुराबाई. केळीवाल्या. पन्नाशी उलटलेली, सातवीत शाळा सुटलेली. दर शनिवारी भाजी-किराण्याला नांदेडला येणार आणि ब्लाऊजच्या निमित्तानं सालेहाबीकडं दोन तास बसणार. सून बी.ए. झालेली, टीव्हीवरची इंग्रजी पट्टी वाचून दाखवते, हे त्यांचं दुखणं. “मला काय नोकरी करायचीय व्हय? पर एकडाव तिच्यासमोर पेपर उघडून बसायचंय. चष्मा लावून.”

तर शनिवारी सकाळी दहाला शटर अर्धं ओढून दोघी बसल्या. सालेहाबीचा मोबाइल मधे, कापडाच्या ठाणाला टेकवून. कस्तुराबाई वाचणार, सालेहाबी एका बोटानं दाबणार. एकवीस खाने. नाव, पत्ता, पिन, जन्मतारीख, कुठल्या शाळेत होता, कितवी पास, कधी सोडली, का सोडली. पाऊण तास गेला. सालेहाबीच्या कपाळावर घाम, पण चेहऱ्यावर ईद. “दाब गं माय,” कस्तुराबाई म्हणाल्या. दाबलं.

‘माहिती चुकीची आहे. पुन्हा प्रयत्न करा.’

आणि खाली एकवीसच्या एकवीस खाने स्वच्छ! कोरे! जणू कुणी काही लिहिलंच नव्हतं.

“अगंबाई, पुसलं की गं समदं!”

“कुठं गेलं? खाली बघा. वर बघा.”

वर नाही, खाली नाही. काय चुकलं तेही नाही. मुसळ केरात. सालेहाबी उठली, दुसऱ्या मशीनवर दोन मिनिटं खडाखडा केलं, परत आली. पुन्हा एकवीस खाने. पुन्हा पाऊण तास. पुन्हा दाबलं आणि ये रे माझ्या मागल्या! फॉर्म कोरा करकरीत.

तेवढ्यात आरती कुर्ता न्यायला आली. तिला अल्लाची आणि बालाजीची अशी दुहेरी शपथ घालून फॉर्म दाखवला. ती हसली. “मावशी, पिनकोड तुम्ही मराठी आकड्यांत लिहिला असेल. इंग्रजी आकडे लागतात.”

“मग तसं सांगायला त्याच्या तोंडात काय केळं होतं?” कस्तुराबाई भडकल्या. केळ्यांचा असा अपमान त्या सहसा करत नाहीत.

तिसऱ्यांदा आडनावावर अडलं. सालेहाबीच्या शाळेच्या कागदावर नाव होतं ‘सालेहा महेबूबसाब’, पुढं पूर्णविराम. फॉर्मला तीन नावं हवी होती. तिसरा खाना रिकामा दिसला की हा सगळंच पुसून मोकळा. कस्तुराबाईंचा सल्ला असा की आडनाव ‘टेलर’ लाव, बोर्डावर हायच. शेवटी सासरचं ‘शेख’ लावलं. चौथ्यांदा बाई पोहोचली जन्मतारखेपर्यंत. एक जून. तिच्या वर्गात सगळेच एक जूनचे. हेडमास्तरांनी अख्खी शाळा एका दिवसात जन्माला घातली होती. पण तारीख लिहिताना तिनं मधे तिरक्या रेघा मारल्या, अन् फॉर्मला आडव्या पाहिजे होत्या. गेलं! पहिले पाढे पंचावन्न. आडव्या रेघांची अक्कल कुठून आली? तर आरतीला फोन करून. पाचव्यांदा रेघा आडव्या, आकडे इंग्रजी, नावं तीनच्या तीन, सगळं जागच्या जागी, तरी फॉर्म कोरा. आता मात्र आरतीलाही सांगता येईना.

दोन वाजले होते. सालेहाबीच्या तळपायाची आग मस्तकाला. मशीनवर पाय सुरू आणि तोंडही सुरू. “कोण हाय गं हा फॉर्म बनवणारा? समोर आला ना, त्याचं माप घेते मी! गळ्याचं! अक्कल न्हाई, सबुरी न्हाई. जनावराला पण कळतं, ताटातला एक खडा काढायचा असंल तर ताट उपडं करत न्हाईत. त्याच्या मायनं शिकवलं काय त्याला?”

आणि शटरखालून वाकून, खांद्याला लॅपटॉप, हातात जेवणाचा डबा घेऊन उमैमा आत आली. बी.सी.एस.ची पोरगी, शेवटच्या वर्षाला, कॉलेज सांभाळून इकडची-तिकडची कॉम्प्युटरची कामं घेणारी.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? फॉर्म हिनंच बनवला होता. संगप्पा मास्तर, तेच रिटायर मास्तर, तिला म्हणाले होते, “एकसुद्धा चुकीचा अर्ज आत येता कामा नये,” आणि पोरीनं मन लावून तसा बनवला होता. आठवड्याभरापूर्वी घरी जेवताना ऐटीत सांगितलंही होतं, “अम्मी, असा कडक फॉर्म केला की चुकीची माशी आत शिरणार न्हाई.” अम्मीनं “शाबास” म्हणून तिला एक भाकरी जास्त वाढली होती. कोणाचा फॉर्म, कसला फॉर्म, ना हिनं विचारलं, ना तिनं सांगितलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हाच.

“काय झालं अम्मी? कुणाच्या मायला बोलून राहिलीस?”

“हा बघ!” रागाच्या भरात सालेहाबीनं मोबाइल पुढं केला, आणि पुढं केल्यावर तिला आठवलं की हे गुपित आहे. हात मागं घेता येईना. “कस्तुराबाईचा,” ती घाईनं म्हणाली. “कस्तुराबाईचा फॉर्म भरून राहिले मी. दहावीचा. त्यांचा.”

“हाव, माझाच,” कस्तुराबाई म्हणाल्या. बाई केळी विकतात, पण खोटं बोलायला एकदम तयार.

उमैमानं पडदा बघितला आणि तिचं तोंड इतकं लहान झालं की बास. “पाच वेळा?” तिनं हळूच विचारलं.

“पाच वेळा! एकवीस गुणिले पाच, एकशे पाच खाने भरले या बोटानं! तो भेटू दे मला एकदा...”

“भेटला,” उमैमा म्हणाली. “मी बनवलाय.”

शटरबाहेर एक ऑटो हॉर्न देऊन गेला. कस्तुराबाईंनी आधी पदर तोंडावर धरला, मग त्यांना आवरेना, खांदे गदागदा हलायला लागले. सालेहाबीला हसावं की रडावं कळेना. आत्ताच या पोरीच्या मायला काय काय बोलून झालं होतं, आणि पोरीची माय म्हणजे कोण, हे हळूहळू तिच्या ध्यानात येत होतं. मग तीही फुटली. तिघी इतक्या हसल्या की वरच्या मजल्यावरचे क्लासचे सर जिन्यातून वाकून बघायला लागले.

हसू ओसरल्यावर सालेहाबीनं हँगरवरचा एक ब्लाऊज ओढला आणि पोरीच्या मांडीवर टाकला. अजून कच्च्या टाक्यांवरच होता. “गिऱ्हाईक अंगात घालून बघते. म्हणते, काखेत मुंढा काचतो. मी काय करते?”

“खडूनं खूण करतेस.”

“कुठं?”

“मुंढ्याला.”

“फक्त मुंढ्याला! गळा तसाच, पाठ तशीच, बटनपट्टी तशीच. काचतंय तेवढंच उसवायचं. अख्खा ब्लाऊज टराटरा उसवून, कापड तिच्या हातात देऊन म्हणायचं का, ‘चूक हाय, पुन्हा आण’? दुसऱ्या दिवशी दुकानाला कुत्रं फिरकणार न्हाई. अन् खूण करताना सांगायचं पण, किती काचतं, काय करायचं. मुक्यानं खूण केली तर तिला वाटतं आपणच जाड झालो.”

उमैमानं डबा न उघडता लॅपटॉप उघडला. काम काही डोंगराएवढं नव्हतं. चूक सापडली की तिचा प्रोग्रॅम नवा कोरा फॉर्म पाठवत होता. आता माणसानं लिहिलेलं त्याच्याच खान्यात भरून फॉर्म परत द्यायचा, आणि चुकलेल्या खान्यापाशी तेवढी लाल ओळ. मराठी आकडे आले तर बिनबोभाट इंग्रजी करून घ्यायचे, त्यात माणसाला कशाला त्रास? रेघ तिरकी असो की आडवी, तारीख कळली ना? मग चालू दे. आडनाव नसेल तर नसो. कस्तुराबाई शेजारी बसून एकेक केळं सोलून तिच्या तोंडात घालत होत्या, आणि सालेहाबी उभ्यानं बघत होती. नियम सैल होत होते, जागच्या जागी, कापड न फाडता. तिला पोरीचा असा अभिमान वाटला की तिनं एका गिऱ्हाइकाला उगाचच वीस रुपये कमी सांगितले.

साडेतीनला नवा फॉर्म चढला. कस्तुराबाईंनी स्वतःच्या बोटानं भरला. मोबाइल नंबर नऊच आकड्यांचा पडला होता. दाबलं, आणि सगळं जागेवर! फक्त नंबराशेजारी लाल ओळ, ‘एक आकडा कमी आहे’. कस्तुराबाईंनी एक आकडा घातला, पुन्हा दाबलं. ‘अर्ज स्वीकारला. तुमचा क्रमांक ५८.’

“अठ्ठावन्न! गेला, गेला!” बाईंनी टाळ्या पिटल्या, सालेहाबीला मिठी मारली, उमैमाची दृष्ट काढली, आणि त्या आनंदात जीभ सुटली. “आता तुझा भर की गं चटदिशी! दोनच जागा राहिल्यात!”

बाईंचा हात सालेहाबीच्या पाठीवरच राहिला. बोलून झालं होतं.

उमैमानं मान वर केली. “अम्मीचा? अम्मी कशाला भरंल? अम्मी तर दहावी...”

सालेहाबी दुसऱ्या मशीनवर जाऊन बसली. पण पाय मारेना. चार वाजून दहा मिनिटं. जागा दोन. आज सोडलं तर पुढल्या साली मास्तर वर्ग घेतील न घेतील, आणि आपल्या अंगात पुन्हा एवढी हवा भरेल न भरेल. पोरीला चहा आणायला धाडावं, तेवढ्यात भरून टाकावा? पण एका बोटानं एकवीस खाने, आणि चहा काय देगलूरहून येणार होता?

“आण इकडं तो मोबाइल,” ती म्हणाली.

भरायला लागली. नाव. पत्ता. एक जून. कस्तुराबाई ब्लाऊजची बटनं मोजत बसल्या होत्या. सालेहाबीचं बोट ‘शेवटची उत्तीर्ण इयत्ता’ या खान्यापाशी आलं आणि थांबलं. शेजारी पोरीचा श्वास ऐकू येत होता. तिनं लिहिलं, नववी. लिहिलं आणि खाली सरकली, झटझट. वर्ष, १९९३. शाळा सोडण्याचं कारण, एक शब्द. आणि दाबलं.

फॉर्म परत आला. भरलेला. जसाच्या तसा. दिवसभर ज्याच्यासाठी तिनं शिव्या घातल्या होत्या, तेच झालं होतं. काही पुसलं गेलं नव्हतं. ‘नववी’ तिथंच होतं, भर मधोमध, ठसठशीत. आणि या एका वेळी, खुदा कसम, तिला वाटलं, पुसून जावं सगळं. कोरा व्हावा फॉर्म. उठून शटर ओढावं.

लाल ओळ एकाच खान्यापाशी होती. शाळा सोडण्याचं कारण. तिनं लिहिलं होतं, ‘भूकंप’. लाल ओळ म्हणत होती, ‘कारण फार थोडक्यात आहे. किमान वीस अक्षरे लिहा.’

“बघ, पाचव्यांदा ह्याच्यावरच पुसलं असंल,” सालेहाबी कशीबशी म्हणाली. “वीस अक्षरं. काय लिहू? घर पडलं ते लिहू? जावेदचं लिहू?”

उमैमानं लॅपटॉप पुढं ओढला, तो वीस अक्षरांचा नियम शोधला आणि पुसला. मग तिनं आईच्या हातातल्या मोबाइलकडं पाहिलं. वरपासून खालपर्यंत, एकेक खाना वाचला. नववीपाशी थांबली. पुढं गेली. डोळे भरले होते, पण आवाज तिनं अगदी दुकानातला काढला.

“चूक माझ्या नियमाची होती, अम्मी. तुझं काहीच बदलायचं न्हाई. बाकी समदं बरोबर हाय. दाब.”

सालेहाबीनं दाबलं. एकोणसाठ.